उष्टं खाणारे मासे

२०२१ च्या दिवाळीत बोनस झाला आणि मी माशांची टाकी घेतली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीशेजारी तेवढीच जागा होती. दुकानदाराने टाकीबरोबर निळे-गुलाबी खडे दिले, प्लॅस्टिकचं झाड दिलं, झाकण उघडझाप करणारी खजिन्याची पेटी दिली आणि आठ टेट्रा दिले. पैसे मोजताना तो म्हणाला, "मॅडम, दोन क्लीनर टाकतो. खाली पडलेलं सगळं खातात. टाकी साफ करायचं टेन्शन नाही."

क्लीनर म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे मासे. करड्या अंगावर काळे ठिपके, तोंडाशी आखूड मिश्या, आणि मधूनच डोळा मारल्यासारखी बुबुळाची हालचाल. पाण्यात सोडल्याबरोबर ते तळाशी गेले आणि निळ्या-गुलाबी खड्यांत तोंड खुपसायला लागले. मला ते फारच आवडले. आपापलं काम न सांगता करणारे पाहुणे कुणाला आवडत नाहीत?

आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी काम झालं की टाकीसमोर दोन मिनिटं उभ्या राहायच्या. त्या सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या. आठवड्याभराने त्यांनी विचारलं, "ताई, ह्या खालच्यास्नी काय घालता?"

"त्यांना वेगळं काही लागत नाही मावशी. वरच्यांचं खाली पडतं ते खातात. ते क्लीनर आहेत."

मावशींनी ओल्या हातांनी पदर सारखा केला. "म्हंजे उष्टंच व्हय," म्हणाल्या, आणि चपला घालून पुढच्या घरी गेल्या.

त्यात टोमणा नव्हता. निदान मला तेव्हा तो ऐकू आला नाही. बाराव्या दिवशी एक क्लीनर आडवा पडलेला दिसला, अठराव्या दिवशी दुसरा. चमच्याने उचलला तेव्हा लक्षात आलं, त्याच्या मिश्या झिजून गेल्या होत्या. जिथे मिश्या असायच्या तिथे लालसर खुंट उरले होते.

मासा मेला तर लोक दुसरा आणतात. मीही आणला असता. पण मावशींचा 'उष्टं' हा शब्द डोक्यातून जाईना. तळाशी राहणाऱ्याने वरच्यांची घाण खायची, हे या माशांबद्दल पहिल्यांदा कुणी ठरवलं? त्याचा माग काढत गेले तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे, लंडनच्या एका दिवाणखान्यात पोहोचले.

मोलकरीण, गोगलगाय आणि काचेवरचा कर

घरात मासे पाळणं नवं नाही. चीनमध्ये सोनमासे शेकडो वर्षं पाळले जात होते, पण कुंड्यांत आणि हौदांत, वरून बघायचे. काचेच्या भिंतीतून, समोरून, माशाच्या डोळ्याला डोळा लावून बघायची सवय एकोणिसाव्या शतकातली.

या गोष्टीत पहिलं नाव येतं ते जान व्हिलप्रू-पॉवर यांचं. पॅरिसमध्ये शिवणकाम करणारी ही मुलगी लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिनाला गेली. कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहणारा अर्गोनॉट हा ऑक्टोपसचा भाऊबंद आपला शिंपला स्वतः बनवतो की दुसऱ्याचा ढापतो, असा वाद तेव्हा चालू होता. तो सोडवायला तिने १८३२ मध्ये काचेच्या टाक्या करून घेतल्या आणि समोर बसून पाहिलं. तो स्वतःच बनवत होता.

तिकडे लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने १८२९ मध्ये एका बंद बाटलीत किड्याचा कोष ठेवला होता. कोषाचं बाजूला राहिलं. बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवला आणि पाणी न घालता जगत राहिला. त्यातून निघालेल्या काचेच्या पेट्यांतून पुढे साम्राज्यभर रोपं फिरली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून हिंदुस्थानात आणलेली चहाची रोपंही अशाच पेट्यांतून आली. बंद काचेत एक छोटं जग स्वतःचं स्वतः चालू शकतं, ही कल्पना तिथे रुजली.

पाण्याचं तसं जग करायला हात लावला तो ॲना थिन यांनी. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीतले वरिष्ठ पाद्री. १८४६ मध्ये टॉर्की इथल्या समुद्रकिनाऱ्यावरून त्यांनी काही जिवंत प्रवाळ दगडी बरणीतून लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी रोज बदलणं अशक्य. मग त्यांनी युक्ती काढली: तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. रोज अर्धा-पाऊण तास. हे काम बाईसाहेब करत नव्हत्या. घरातली एक लहान मोलकरीण करायची. बाईंनी पुढे लिहिलेल्या हकिकतीत ही मुलगी आहे, पण नावाशिवाय. काम दमवणारं असलं तरी तिला त्याची मौज वाटते, असा बाईंचा समज होता.

हे वाचताना मी मोबाइल खाली ठेवला. ज्या यंत्राला आपण आज 'एअर पंप' म्हणतो आणि जो माझ्या टाकीत रात्रंदिवस बुडबुडे सोडत होता, तो लंडनच्या त्या खिडकीत एक मुलगी होती.

यानंतर आले रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. त्यांना ओतणारं कुणी नको होतं. त्यांना हिशेब जुळवायचा होता. १८४९ मध्ये त्यांनी सुमारे ५५ लिटरच्या टाकीत, म्हणजे जवळजवळ माझ्याच टाकीएवढ्या पाण्यात, दोन छोटे सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची लांब पात्यांची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू सोडेल, मासे तो घेतील. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेईल. काही दिवस जमलं. मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर शेवाळ धरलं. वॉरिंग्टननी डबक्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून टाकल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

मासा, वनस्पती आणि गोगलगाय. या त्रिकुटाला पुढे 'संतुलित टाकी' म्हणू लागले, आणि त्या संतुलनात पहिल्यांदाच एका जिवाला सफाईचं खातं मिळालं.

वेळही जुळून आली होती. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता, त्यामुळे मोठ्या काचा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि लोकांना वेडच लागलं. बादल्या घेऊन माणसं समुद्रकिनाऱ्यांवर उतरली. खडकांतल्या ज्या पाण्याच्या खळग्यांचं गॉसनी प्रेमाने वर्णन केलं होतं, ते त्यांच्या वाचकांनीच ओरबाडून रिकामे केले, अशी खंत त्यांच्या मुलाने, एडमंड गॉस यांनी, पुढे आपल्या आठवणींत लिहिली. छंदाने मूळ जागाच उजाड करायची, ही गोष्ट त्या पहिल्या पिढीपासूनची आहे. ती पुन्हा भेटेल.

डार्विनच्या बरणीतला चिलखती मासा

माझ्या टाकीत मेलेल्या माशाचं नाव कोरिडोरस. छंदातले लोक लाडाने 'कोरी' म्हणतात. नावातल्या ग्रीक शब्दांचा अर्थ शिरस्त्राण आणि कातडं. अंगावर खवले नाहीत. दोन्ही कुशींवर हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा, कौलांसारख्या एकावर एक. कल्ल्याजवळचा आणि पाठीवरचा काटा तो ताठ करून अडकवून ठेवू शकतो, म्हणजे गिळणाऱ्याच्या घशात बसावा.

माझा ठिपकेवाला कोरी, कोरिडोरस पेलिएटस, विज्ञानाला माहीत झाला तो चार्ल्स डार्विनमुळे. 'बीगल' जहाज १८३१ च्या डिसेंबरात इंग्लंडहून निघालं आणि १८३६ मध्ये परतलं. डार्विनने दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या प्राण्यांत स्पिरिटच्या बरण्यांतले मासेही होते. त्यांचं वर्णन करण्याचं काम लिओनार्ड जेनिन्स यांच्याकडे आलं. हे जेनिन्स केंब्रिजजवळच्या एका खेड्यातले पाद्री. गंमत म्हणजे 'बीगल'वर निसर्ग-अभ्यासक म्हणून जाण्याचं निमंत्रण डार्विनच्या आधी त्यांना आलं होतं. आपल्या गावकऱ्यांना सोडून जाणं बरं नाही म्हणून ते गेले नाहीत. जो प्रवास त्यांनी नाकारला, त्या प्रवासातले मासे दहा वर्षांनी बरणीतून त्यांच्या टेबलावर आले. १८४२ मध्ये त्यांनी या चिलखती माशाला नाव दिलं. (२०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या सगळ्या गटाची फेरमांडणी केली आणि या माशाचं घराणं बदललं, दुकानदार मात्र जुन्याच नावाने हाक मारतात. मीही तेच करते.)

बरणीतून टाकीत तो आला पॅरिसमध्ये. पिएर कार्बोनिए या मत्स्यपालकाने १८६९ मध्ये चीनहून आलेल्या पॅराडाइज माशांची पिल्लं पॅरिसात काढून दाखवली होती. उष्ण प्रदेशातला शोभेचा मासा युरोपातल्या घरात वाढू शकतो हे त्यातून सिद्ध झालं. १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कोरीचीही वीण घेतली. आज घराघरांत दिसणाऱ्या उष्णकटिबंधीय माशांपैकी सगळ्यात आधी माणसाच्या हाताखाली वाढलेल्यांत हा तळाचा मासा आहे. त्याचं मीलनही अजब असतं. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते आणि इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आकार होतो. मादी नराचं बीज चक्क पिते, आणि ते तिच्या आतड्यातून जाऊन अंड्यांपर्यंत पोहोचतं. कार्बोनिएनंतर शंभराहून जास्त वर्षांनी, १९९५ मध्ये, जपानी संशोधकांनी कोरीच्या एका भावंडजातीवर प्रयोग करून हे दाखवून दिलं.

असा हा मासा. पण छंद पसरला आणि वॉरिंग्टनच्या गोगलगायीचं खातं त्याच्याकडे आलं. तर्क सोपा होता: तो तळाशी असतो, तळाशी घाण असते, म्हणून तो घाण खातो. विसाव्या शतकातल्या हौशी लोकांच्या इंग्रजी पुस्तकांत त्याला सर्रास सफाईवाला म्हटलेलं सापडतं. खरं तर तो किड्यांच्या अळ्या, बारीक जंत आणि कवचधारी जीव खातो. वाळूत तोंड खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, खायचं ते ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. विष्ठा तो खात नाही. कुजलेलं अन्नही हौसेने खात नाही. ते खायची वेळ आली तर त्याचा अर्थ तो उपाशी आहे एवढाच.

घाणीच्या जागी राहणारा आणि घाण करणारा यांच्यात फरक असतो, हे समजायला आपल्या देशात तरी कुणाला पुस्तक उघडायची गरज पडू नये. आणि तरी मी दुकानात मान हलवून दोन क्लीनर घरी आणले होते.

खरे सफाई करणारे

मग टाकी साफ कोण करतं? याचं उत्तरही पॅरिसमध्येच मिळालं, कार्बोनिएच्या कोरीला पिल्लं व्हायच्या सुमारास.

वाढत्या पॅरिस शहराच्या सांडपाण्याचं काय करायचं हा तेव्हा मोठा प्रश्न होता. ते शेतात सोडलं तर माती ते शुद्ध करते हे दिसत होतं. कसं करते हे कळत नव्हतं. १८७७ मध्ये थेओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युन्ट्झ यांनी काचेची एक लांब नळी घेतली, तीत वाळू आणि चुनखडी भरली, आणि वरून सांडपाणी हळूहळू झिरपत सोडलं. सुमारे २० दिवस काहीच झालं नाही. वरून अमोनिया जात होता, खालून अमोनियाच येत होता. मग अचानक खाली नायट्रेट यायला लागलं. वाळूत काहीतरी जिवंत आहे का हे बघायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट थांबलं. क्लोरोफॉर्म काढून ताज्या मातीचं थोडं पाणी घातलं, काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. हे काम करणारे जीव होते. १८९० मध्ये सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिचमध्ये ते जीवाणू वेगळे काढून दाखवले. एक गट अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट.

मासा श्वासाबरोबर, कल्ल्यांतून, अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न कुजलं की आणखी अमोनिया होतो. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते निघून जातं. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. ते फिल्टरच्या स्पंजात, वाळूच्या कणांवर, काचेवर हळूहळू वस्ती करतात, आणि त्याला तीन ते सहा आठवडे लागतात. माझे दोन क्लीनर बाराव्या आणि अठराव्या दिवशी गेले. म्हणजे श्लोझिंगची नळी अजून काम करायला लागली नव्हती, त्या आधीच.

आणि मी आणखी एक करत होते. स्वच्छतेची हौस म्हणून दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईस्तोवर धूत होते. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, जंतू मारायलाच घातलेलं. श्लोझिंगनी क्लोरोफॉर्मने एकदा केलं ते मी क्लोरीनने दर आठवड्याला करत होते. जे खरोखर सफाई करत होते त्यांना मारायचं, आणि जे करत नव्हते त्यांच्याकडून सफाईची अपेक्षा ठेवायची, असा माझा कारभार.

पुन्हा मांडणी

जानेवारीत टाकी रिकामी केली. टेट्रा तात्पुरते एका मैत्रिणीच्या जुन्या, मोठ्या टाकीत पाठवले. या वेळी वरून सुरुवात करायची नाही, तळापासून करायची असं ठरवलं.

पहिला प्रश्न तळ कशाचा. निळे-गुलाबी खडे धारदार कडांचे होते. कोरी मिशीने चाचपून अन्न शोधतो. धार आणि खड्यांच्या फटीत कुजणारी घाण, दोन्ही मिळून मिशी झिजवतात. त्याला लागते बारीक, गोलसर कणांची वाळू. पूर्वीच्या छंदवाल्यांनी तळाच्या माशांचे याहून वाईट हाल केले. विजेचे हीटर यायच्या आधी टाकीचा तळ स्लेटच्या फरशीचा करत आणि खालून ज्योत लावून तो तापवत. वरच्या माशांना ऊब मिळे. तळाच्यांना काय मिळत असेल ते त्यांनाच ठाऊक.

शेजारी एका इमारतीचं काम चालू होतं. वॉचमनकाकांना विचारून बादलीभर वाळू आणली, साधारण ११ किलो. आधी थोडी वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकलं. फेस आला असता तर त्यात चुन्याचा अंश आहे आणि पाणी जड होणार असं समजायचं. फेस आला नाही. मग रव्याच्या चाळणीने चाळली आणि पाणी नितळ होईपर्यंत धुतली. बारा बादल्या लागल्या. तळाला चार सेंटिमीटरचा थर दिला. खजिन्याच्या पेटीऐवजी मातीचं फुटकं मडकं आडवं ठेवलं, लपायला. व्हॅलिस्नेरियाची रोपं लावली, वॉरिंग्टनची आठवण म्हणून. शिवाय ती आपल्या पाण्यात सहज वाढते. मैत्रिणीच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणला, कारण तो मळ म्हणजे जीवाणूंची वस्ती. रोज चिमूटभर खाद्य टाकून मासे नसलेल्या टाकीत कुजू दिलं आणि तपासणीच्या किटने पाणी मोजत राहिले. आधी अमोनिया चढला, मग उतरला आणि नायट्राइट चढला, मग तोही उतरला. दोन्ही शून्य यायला २६ दिवस लागले. रिकाम्या टाकीकडे बघत २६ दिवस काढणं हा या छंदातला सगळ्यात अवघड भाग आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मग सहा कोरी आणले. दोन नाही. हा कळपाने राहणारा मासा आहे. एकटा-दुकटा असला की मडक्यामागे दडून बसतो. हीटर लावला नाही. हा ठिपकेवाला कोरी अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील या भागांतला. 'ट्रॉपिकल' या फळीवर विकला जात असला तरी त्याला २० ते २५ अंशांचं पाणी मानवतं. पुण्यात त्याला थंडीपेक्षा एप्रिलची भीती जास्त, तेव्हा टाकीवर पंखा सोडावा लागतो. पाण्यातून मधूनच तो बाणासारखा वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. ती हवा त्याच्या आतड्यात शोषली जाते. म्हणून पाण्याच्या वर बोटभर जागा आणि त्यावर झाकण. आता नळाचं पाणी क्लोरीन मारणारे थेंब टाकल्याशिवाय टाकीत जात नाही, आणि स्पंज धुतला जातो तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने.

आणि खाणं: रात्री दिवा मालवताना, तळाशी बुडणारी गोळी. त्यांची स्वतःची.

मुळ्या आणि मूरे

वाळू धुताना मावशी होत्या. त्यांनी मूठभर वाळू तळहातावर पसरली आणि म्हणाल्या, "ही नदीची हाय. आमच्याकडं आता नदीत वाळूच न्हाय. ट्रॅक्टर भरभरून नेली." मग म्हणाल्या, "त्यात मासं असायचं असलंच. पट्ट्यापट्ट्याचं. पाय ठेवला की वाळूत शिरायचं."

त्या ज्याबद्दल बोलत होत्या, त्याची नोंद डार्विनच्या कोरीला नाव मिळायच्या तीन वर्षं आधी झाली आहे. मुंबई सरकारने कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना १८२४ मध्ये दख्खनची पाहणी करायला नेमलं होतं. १८३१ पर्यंत ते हिंडले आणि पिकांपासून पक्ष्यांपर्यंत सगळं लिहीत गेले. १८३९ मध्ये त्यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातल्या कित्येक माशांची शास्त्रीय नावं म्हणजे त्यांच्या कानावर पडलेले मराठी शब्द आहेत. तळाच्या दगडांना खालच्या ओठाने चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या साइक्सच्या कानाने 'मुळ्या' झाला. आजही त्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. वाळूत दडणाऱ्या बारीक पट्टेदार लोच माशाला त्यांनी 'मूरे' लिहिलं. लॅटिन यादीत ते शब्द आजही आहेत. ते ज्या कुणा भोयांनी, कोळ्यांनी साइक्सना सांगितले त्यांची नावं मात्र नाहीत, लंडनच्या खिडकीतल्या त्या मुलीसारखीच.

पट्ट्यांचा आणखी एक मासा आहे, बोटिया स्ट्रायाटा, दुकानातला 'झेब्रा लोच'. महाराष्ट्र-कर्नाटकातला सह्याद्री आणि तिथून निघणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्या, एवढंच त्याचं जग. सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये तुंगा नदीतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. आज तो आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहे. त्याच्यावर दोन बाजूंनी ओढ आहे: नदीतली वाळू आणि घाण पाण्याची, आणि परदेशी टाक्यांसाठी होणाऱ्या पकडीची. टाकीतल्या गोगलगायी खातो म्हणून तो विकला जातो. म्हणजे वॉरिंग्टनच्या सफाईवालीला खाणारा दुसरा सफाईवाला.

उलट दिशेचीही गोष्ट आहे. काच साफ करतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा फूटभराचा झाला की टाकीत मावत नाही, आणि लोक दया म्हणून तो नदी-तळ्यात सोडतात. केरळात, आंध्रात, कोलकात्याच्या पाणथळीत आता त्याची वस्ती आहे. त्याच्या चिलखताने कोळ्यांची जाळी फाटतात. माझे कोरी कधी जड झाले तर ते दुसऱ्या टाकीत जातील, मुठेत नाही.

लहानपणी शाळेच्या सहलीत मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेलं, मरीन ड्राइव्हवरचं. आम्ही कासव आणि रंगीत मासे बघत धावलो. तळाशी काय होतं ते मला आठवत नाही. मी बघितलंच नसणार.

वाळू मी परत केली नाही. शोभेच्या टाकीसाठी ११ किलो वाळूने नदी मरत नाही, असं मी स्वतःला सांगते. इमारत बांधणाराही स्वतःला असंच काहीतरी सांगत असेल.

सहाही कोरी आता चौथ्या वर्षात आहेत. मिश्या शाबूत आहेत. मावशींना दुपारची कामं मिळाल्यापासून त्या आमच्याकडे संध्याकाळी शेवटी येतात. हात पुसून झाले की डबीतून दोन गोळ्या काढतात आणि पाण्यात सोडतात. गोळ्या डुलत खाली जातात, आणि वाळूत सहा तोंडं एकदम वळतात.

"वरच्यांना न्हाय घालायचं आता," मावशी टेट्रांना सांगतात. "त्यांचं त्यांना खाऊ दे."